गळा, कंपनी आणि कॅमेरा: मराठी नटाला संधी कोण देत असे? (१८८०–१९४२)

१/
१९१३ साली राजा हरिश्चंद्राची राणी तारामती पडद्यावर आली, ती मुंबईतल्या एका उपाहारगृहाच्या स्वयंपाक्याच्या रूपात. १९३२ साली तीच तारामती पुन्हा आली. या वेळी ती भूमिका सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या एका तरुणीने केली होती. मधल्या एकोणीस वर्षांत नट होऊ पाहणाऱ्याला संधी कोण देतो, कोणत्या अटीवर देतो आणि ती किती काळ टिकते, हे सारेच बदलले. मात्र हा बदल कळण्यासाठी १८८० च्याही मागे जावे लागते. (थ्रेड)

२/
५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्या काळच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे. पात्रे त्या पदांना अनुसरून हावभाव करीत आणि भाषणे पुष्कळशी आयत्या वेळी सुचतील तशी करीत. नटाचा स्वतःचा गळा ही त्याच्या निवडीची कसोटी नव्हती. नाटक सूत्रधाराच्या खांद्यावर उभे असे.

३/
३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले आणि ही रचना मोडली. आता शकुंतलेची पदे शकुंतलेनेच म्हणायची, दुष्यंताची दुष्यंताने. या एका निर्णयाने नट पारखण्याचे मापच बदलले. देखणा चेहरा आणि चोख पाठांतर पुरेसे राहिले नाही. पुढची पन्नास वर्षे कंपनीच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न एकच होता: गातोस कसा?

४/
या नव्या मापाने पारखलेला पहिला मोठा नट म्हणजे भाऊराव कोल्हटकर. जन्म १८६३, बडोदे. कचेरीतली साधी नोकरी करणाऱ्या या तरुणाच्या आवाजाची कीर्ती किर्लोस्करांपर्यंत पोचली आणि १८८२ मध्ये तो मंडळीत दाखल झाला. त्याच वर्षी ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. शकुंतला आणि सुभद्रा या दोन भूमिकांनी एकोणीस-वीस वर्षांचा हा कारकून महाराष्ट्रभर गाजू लागला.

५/
अशी कीर्ती पोचत असे ती कशी? गाणारा मुलगा ऐकू येण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. देवळातले भजन, कीर्तन, एखाद्या वकिलाच्या किंवा अंमलदाराच्या घरची बैठक, संस्थानिकाचा दरबार. तिथे बसलेल्यांपैकी एखाद्याचा कंपनीच्या मालकाशी परिचय असला तर बातमी पुढे जाई. उत्तम गळा असूनही अशा बैठकीच्या आसपास ज्याचा वावर नव्हता, तो मुलगा आयुष्यभर आपल्या गावापुरताच गायक राहिला. त्याचे नाव इतिहासात सापडत नाही, ते यामुळेच.

६/
कंपनीत शिरकाव झाला म्हणजे नट झाला, असे मुळीच नव्हते. नाटक कंपनी हे एक फिरते बिऱ्हाड असे. गावोगावचे मुक्काम, एकत्र पंगत, ठरल्या वेळी तालीम. नवा मुलगा आरंभी नांदीत उभा राही, सखी किंवा ऋषिकुमार होई. विंगेत उभे राहून रोज तेच नाटक ऐकताना सगळ्यांच्या भूमिका त्याला मुखोद्गत होत. मुख्य नट आजारी पडला की त्या पाठांतराचे चीज होण्याची शक्यता निर्माण होई.

७/
या व्यवसायाला एक क्रूर कालमर्यादाही होती. स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि नायिकेच्या पदांसाठी उंच, कोवळा आवाज हवा असे. मुलगा वयात आला, आवाज फुटला, की कालची शारदा आज कंपनीला निरुपयोगी ठरू शकत असे. त्या वळणावर ज्याने आवाज नव्याने कमावला किंवा पुरुषभूमिकांकडे मोर्चा वळवला, तोच टिकला. भाऊराव कोल्हटकरही पुढे पुरुषभूमिकांकडे वळले.

८/
१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव वारले. वय अवघे ३७. किर्लोस्करांचे निधन १८८५ मध्येच झाले होते. आता कंपनीचा सर्वांत मोठा आवाजही गेला. नाटके तीच होती, पदेही तीच होती. पण ज्याच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढीत, तो नट नव्हता. नव्या नटाचा शोध घेताना केवळ त्याचे गुण पाहून भागत नाही. त्याच्यासाठी मोकळी झालेली जागाही पाहावी लागते. १९०१ नंतर अशी जागा मोकळी होती.

९/
ती ज्याने भरून काढली तो नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. सुमारे दहा वर्षांच्या या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, असे परंपरेने सांगितले जाते. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतर काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. काहीच झाले नाही. पदवी मिळाली आणि मुलगा सुमारे सात वर्षे रंगभूमीबाहेरच राहिला.

१०/
कौतुक आणि संधी यांतले हे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. टिळकांसारख्या माणसाचा शब्दही नारायणाला कंपनीत नेऊ शकला नाही. घरची परिस्थिती बेताची, ‘नाटक्या’ हा शब्द समाजात शिवीसारखा वापरला जाई, आणि त्यातच मुलाला कमी ऐकू येऊ लागले होते. गाण्याच्या जोरावर जगू पाहणाऱ्या मुलाच्या कानांनीच दगा दिला होता.

११/
इथे शाहू छत्रपतींचा संबंध येतो. महाराजांनी त्याच्या कानांवर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार करवले, आणि किर्लोस्कर मंडळीत जाण्याचा मार्गही त्यांच्याच पुढाकाराने मोकळा झाला. १९०५ मध्ये मिरजेतच नारायणाने ‘शाकुंतल’मधल्या शकुंतलेच्या रूपात रंगभूमीवर पाऊल ठेवले. टिळकांनी नाव दिले. महाराजांनी उपचार, ओळख आणि कंपनीत प्रवेश दिला. नटाची कारकीर्द या दुसऱ्या प्रकारच्या मदतीवर उभी राहते.

१२/
तिसरी मदत गुरूंची. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवल यांनी दिली. देवल हे किर्लोस्करांच्याच तालमीत वाढलेले आणि ‘शारदा’चे नाटककार. गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांची, ज्यांनी एकाहून अधिक घराण्यांची गायकी आत्मसात केली होती. शब्द कुठे तोडावा आणि सूर कुठे थांबवावा, हे नारायणराव या दोघांकडून शिकले. उपजत गळ्याला अशी जोड मिळाली नसती, तर १९११ चे यश मिळालेच असते असे म्हणवत नाही.

१३/
१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या नव्या चालींनी नाट्यसंगीताचा बाज बदलला होता. भामिनी होती बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची थोरली मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी असूनही ते रंगमंचावर उभे राहिले. ही घटना निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण एका नटावर अख्खी कंपनी आणि भरलेले नाट्यगृह अवलंबून असले की त्याच्या दुःखालाही रजा उरत नाही, हेही तिच्यातून दिसते.

१४/
त्याच पिढीतली दुसरी वाट केशवराव भोसले यांची. जन्म १८९०, कोल्हापूर. घरी कमालीचे दारिद्र्य. पदवी देणारे कोणी नव्हते. पोट भरावे म्हणून पोर लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत आले आणि विंगेत ऐकून ऐकून शिकले. देवलांची शारदा उभी करण्याची संधी मिळाली आणि ती भूमिका गाजली. बालगंधर्वांना वरून हात मिळाला. केशवराव तळातून वर आले.

१५/
दोघे एका बाबतीत मात्र सारखे होते. नाव होताच दोघांनी स्वतःची कंपनी काढली. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत ‘ललितकलादर्श’ स्थापन झाली, तेव्हा केशवराव सतरा वर्षांचे होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बळवंत संगीत मंडळी’ उभारली. दीनानाथांचे वय तेव्हा सतराच्या आसपास होते.

१६/
इतक्या लहान वयात मालक होण्याची घाई का? कंपनीत नट हा पगारी माणूस. नाटक कोणते लावायचे, भूमिका कोणाला द्यायची, मुक्काम कुठे करायचा, हे मालक ठरवी. प्रेक्षक नटाच्या नावावर येत आणि गल्ला मालकाच्या पेटीत जाई. शिवाय आवाज किती वर्षे टिकेल याची शाश्वती नव्हती. हातात सूर आहे तोवर आपल्या कष्टांवर आपला अधिकार असावा, ही त्या तरुणांची इच्छा अगदी समजण्यासारखी होती.

१७/
मालकीबरोबर कर्जही आले. गंधर्व मंडळीत शालू खरे, अत्तर खरे, रंगमंचावरचा थाट राजवाड्याला शोभेसा. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘एकच प्याला’ (१९१९) यांनी कीर्तीचा कळस गाठला, तरी हिशेब जुळेना. पुढे डोक्यावर आलेले कर्ज बालगंधर्वांनी प्रयोगांमागून प्रयोग करून फेडले. उत्तम नट हा उत्तम व्यवस्थापक असतोच असे नाही, आणि त्या काळात त्याला दोन्ही असणे भाग होते.

१८/
८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मालक एका रंगमंचावर आले. मराठी रंगभूमीच्या वैभवाचे हे शिखर मानले जाते. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय ३१. कोल्हापूरचे पॅलेस थिएटर आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९/
आतापर्यंत आलेली नावे पुन्हा वाचली तर एक गोष्ट दिसेल. सगळी पुरुषांची आहेत. स्त्रिया मुळी नव्हत्याच असे नाही. केवळ स्त्रियांच्या अशा मंडळ्याही होत्या आणि तिथे पुरुषभूमिकाही स्त्रियाच करीत. पण प्रतिष्ठित कंपन्यांचे दार त्यांना बंद होते, आणि रंगमंचावर उभी राहणारी स्त्री समाजाच्या लेखी घरंदाज राहत नसे. बालगंधर्वांच्या साडीची आणि केशरचनेची नक्कल करणाऱ्या स्त्रिया प्रेक्षागृहात बसत होत्या. त्यांच्यातली एखादी बालगंधर्वांच्या शेजारी उभी राहू शकेल, ही कल्पनाही कोणाला शिवत नव्हती.

२०/
१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ही भिंत फार जवळून दिसली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी जाहिराती दिल्या. तारामतीसाठी त्यांना स्त्री हवी होती. ज्या स्त्रियांना समाजाने आधीच बाहेर टाकले होते, त्यांच्याकडेही त्यांनी विचारणा केली; नकारच मिळाला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट झळकला तेव्हा तारामती तोच होता.

२१/
साळुंक्यांची निवड नाटक कंपनीच्या रीतीला सर्वस्वी सोडून होती. गळा कोणी पाहिला नाही, कारण चित्रपट मूक होता. ओळख कोणाची नव्हती. कॅमेऱ्याला चेहरा आणि हात हवे होते, आणि ते त्याच्याकडे होते. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. गाण्याखेरीज इतर कशाच्या तरी बळावर नट होता येते, याचा हा आपल्याकडचा ठळक पुरावा.

२२/
१९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’साठी फाळक्यांना दोन स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमला मोहिनी. हीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्ध झाली. अभिनेते चंद्रकांत गोखले हे तिचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. बंद दाराला पहिली फट पाडली ती एका आईने, आणि मुलीला बरोबर घेऊन. त्यानंतर नाटकांतही बदल होऊ लागला. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या.

२३/
दरम्यान चित्रपट बोलू लागला होता. दुर्गा खोटे यांच्या सासरची आर्थिक घडी विस्कटली होती आणि त्यांना मिळकतीची गरज होती. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांना छोटी भूमिका मिळाली. चित्रपट पडला आणि बदनामी मात्र पदरी आली. तेवढ्यावर ही कारकीर्द संपली असती. पण व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) साठी त्यांचीच निवड केली. कथा हरिश्चंद्राची, भूमिका तारामतीची.

२४/
दुर्गाबाईंच्या वाटचालीतली सर्वांत नवी गोष्ट पुढची आहे. त्या एकाच स्टुडिओच्या पगारी नटी राहिल्या नाहीत. प्रभात, कलकत्ता, मुंबई अशा वेगवेगळ्या ठिकाणी चित्रपटागणिक करार करून त्या काम करीत राहिल्या. नोकर किंवा मालक, या दोन पर्यायांत भाऊरावांपासून दीनानाथांपर्यंत सारे अडकले होते. दुर्गाबाईंनी तिसरा पर्याय पत्करला. आज बहुसंख्य नट त्याच पद्धतीने काम करतात.

२५/
जुन्या पिढीला मात्र हे वळण जड गेले. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. वय ४७ च्या आसपास. रंगमंचावर समोरच्या प्रेक्षकाच्या ‘वन्स मोअर’वर फुलणारा हा नट कॅमेऱ्यासमोर रमला नाही आणि रंगभूमीवर परतला. दीनानाथांनी बळवंत पिक्चर्स काढून ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) केले. पैसे बुडाले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

२६/
मागे कुटुंब होते आणि मिळवते कोणी नव्हते. बारा वर्षांच्या थोरल्या मुलीने त्याच वर्षी मास्टर विनायकांच्या साहाय्याने ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम केले. तिला अभिनयाची ओढ नव्हती. गळा मात्र वडिलांच्या तालमीतला होता. ही लता मंगेशकर. १८८० मध्ये नटाच्या मुखात आलेले गाणे तोवर पार्श्वगायनामुळे पुन्हा नटापासून वेगळे होऊ लागले होते. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार गाई आणि पात्रे हावभाव करीत, त्याची इथे आठवण होते.

२७/
या साठ वर्षांकडे एकत्र पाहिले तर ‘गुणी माणूस केव्हा ना केव्हा पुढे येतोच’ हे वचन टिकत नाही. नारायणाला मिरजेचे रुग्णालय लाभले, साळुंक्यांना मूकपट लाभला, दुर्गाबाईंना दुसरी संधी देणारा दिग्दर्शक लाभला. गुण प्रत्येकात होता. पण त्या त्या काळी दार कोणाच्या हाती होते आणि ते कोणत्या मापाने उघडत होते, यावर पुढचे सारे ठरले. ज्या मुलींचा गळा बालगंधर्वांइतका गोड असेल, त्यांच्यासाठी १९०५ मध्ये ते माप अस्तित्वातच नव्हते.

२८/
१९८३ सालचा भारतीय चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च सन्मान दुर्गा खोटे यांना मिळाला. तो सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाचा आहे. १९१२ मध्ये मुंबईभर शोधूनही ज्यांना तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार अखेर एका तारामतीच्या हाती आला. (समाप्त)